अकराच्या ठोक्याला येणारी चक्कर

पेंटरकाकांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. गेल्या वर्षी हृदयाने कुरकुर केली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोन गोळ्या सुरू केल्या. काका रोज सात वाजता दोन्ही एकदम घेत आणि शिडी खांद्यावर टाकून निघत.

महिन्याभरात त्यांना एक गंमत जाणवली. शिडीवर असताना नेमकं अकराच्या सुमारास डोकं गरगरायचं. दुपारी शिडी तीच, उंचीही तीच, पण डोकं ठिकाणावर. एकदा हातातला ब्रश सुटला आणि काका शिडीला मिठी मारून डोळे मिटून उभे राहिले.

घरी काकूंनी आकाशपाताळ एक केलं. "आजपासून शिडी बंद!"

"बंद करतो गं. पण अकरालाच का, ते तरी कळू दे."

शेजारच्या मास्तरांनी लगेच तोडगा काढला, "दोन्ही रात्री घ्या. माझ्या मेव्हण्याला चांगला गुण आला."

"मास्तर, तुमच्या मेव्हण्याचं हृदय माझ्याकडे कुठंय?"

काकांनी गोळ्यांची वेळ हलवली नाही. त्यांनी रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं, पुठ्ठ्यावर रकाने आखले आणि दिवसातून पाचदा आकडे टिपायला लागले. वरचा लाल रंगात, खालचा निळ्या. अकराला आकडे धाडकन खाली यायचे. पण यंत्र खरं बोलतंय कशावरून? ताडून बघायला त्यांनी काकूंना समोर बसवलं.

"मला काय धाड भरलीय?" म्हणत काकूंनी हात पुढे केला.

आकडा काकांपेक्षा बराच वर गेला. काकांनी यंत्र झटकलं, पुन्हा मोजलं. तोच आकडा. मग चार दिवस सकाळ-संध्याकाळ काकूंसाठी हिरवा रकाना भरला. आकडा काही खाली येईना.

डॉक्टरीणबाई पुठ्ठा बघतच राहिल्या. "इतके सुबक आकडे आमच्याकडे कुणी आणत नाही. दोन्ही गोळ्या रक्तदाब उतरवणाऱ्या, आणि दोन्हींचा जोर अकराला एकदमच चढतोय, काका. ही सकाळीच राहू द्या. ही दुसरी संध्याकाळच्या जेवणानंतर घ्या."

"म्हणजे संध्याकाळ जास्त चांगली?"

"सगळ्यांना चालेल अशी एकच वेळ नसते. तुम्हाला मानवेल आणि रोज न चुकता पाळता येईल, ती तुमची वेळ." मग त्यांचं बोट थबकलं. "हे हिरवे आकडे कुणाचे?"

काकांनी दाराबाहेर बाकावर बसलेल्या काकूंकडे मान वळवली.

"त्यांना आत बोलवा. आत्ता."

पंधरवड्यात काकांची चक्कर थांबली. काकूंनाही गोळी सुरू झाली. काकांनी उत्साहाने नवा पुठ्ठा पुढ्यात घेतला, "तुझी वेळ कुठली धरू या?"

"माझं मी बाईंना विचारून आलेय," काकू म्हणाल्या. "सकाळी भाजी चिरायला बसण्याआधी. तुम्ही नुसत्या रेघा मारा, आणि जरा सरळ मारा."