बंदुकीची मूठ आणि खंडेनवमी

अमिरातीत फुजैराला आमचं लाकूडकामाचं वर्कशॉप आहे. बाबांनी ते सुरू केलं, आता मी चालवते आणि मला आई चालवते. दारं, कपाटं, मजलिसची, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्याची बैठक, ही कामं रोजचीच. पण मागच्या वर्षी एक स्थानिक गृहस्थ बंदुकीच्या नळीखालची तडकलेली लाकडी मूठ रुमालात गुंडाळून घेऊन आले. बंदूक परवान्यासकट घरी होती. मला फक्त तशीच दुसरी मूठ करायची होती.

बंदूक त्यांच्या वडिलांची. पंप-अ‍ॅक्शन, अगदी सुरुवातीच्या जातीची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत निघालेली. हातात काम आलं की त्याची कुळकथा शोधायची मला खोडच आहे. त्याआधी दोन नळ्यांच्या बंदुकीचे दोन बार झाले की ती मधून वाकवून उघडायची आणि पुन्हा भरायची. हिच्या नळीखाली दुसरी नळी, तीत काडतुसं रांगेत. पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि घोडा उठतो. पुढे ढकलली की नवं आत. आधीचा नमुना जुन्या धुरकट दारूसाठी होता. बिनधुराची जोरकस दारू आली तशी बंदूक अंगानं भक्कम करावी लागली. चाप दाबून धरला तर नुसत्या मुठीवर बार होत जातात. घोडाही उघडा, अंगठा सोलून काढेल असा. मला ती बया फार आवडली.

त्या गृहस्थांचे वडील, म्हातारबुवा, हृदयाच्या ऑपरेशनसाठी परदेशी निघणार होते. त्याआधी एकदा मूठ ओढून तो आवाज ऐकायचा, एवढाच त्यांचा हट्ट. मी गोल खाचांसकट अक्रोडाची मूठ केली आणि बाकावर ठेवली. ते पहाटे निघणार त्याच्या आदल्या सकाळी येऊन बघते तर मूठ पाटावर, रंध्याच्या आणि पटाशीच्या मधोमध, झेंडूखाली. खंडेनवमी होती. आईला ते आमचंच एखादं हत्यार वाटलं. आणि पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत वापरायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. तेवढ्यात म्हातारबुवांच्या मुलाचा फोन आला, यल्ला, चला लवकर, वडील दाराशीच बसलेत. मी आईवर जाम भडकले. ती म्हणाली, "उचल. पण मी सोबत येणार."

त्यांच्या घरी मुलानं बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, मी मूठ बसवली. आणि आईनं आपल्या मोडक्या हिंदीत त्यांना सगळं सांगून टाकलं, आज पूजा आहे, वापरायचं उद्यापासून. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

म्हातारबुवांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मूठ मागे ओढली. खर्रक. त्यांचा चेहरा असा खुलला की मी राग विसरले. पण मूठ त्यांनी पुढे ढकलली नाही. बंदूक तशीच उघडी मुलाच्या हातात दिली आणि आईला म्हणाले, "आधा आज. आधा वापस आके. इन्शाल्ला."

परतताना आई गाडीत म्हणाली की अर्ध्याला काही वापरणं म्हणत नाहीत. त्यानंतर रोज संध्याकाळी ती मला विचारायची, फोन आला का. मी नाही म्हणायचे.

शेवटी एका दुपारी त्या घरचा नंबर दिसला. मी स्पीकर लावला. पलीकडून नुसतं खटाक, मूठ पुढे ढकलल्याचं.

आईनं पदरानं डोळे पुसले. "आता वापरा म्हणावं खुशाल," ती म्हणाली.