बिबडे आणि बंद पेटी

बिबडे तळल्याचा वास आला की मला माझी पहिली मधपेटी आठवते. धुळ्यातला मे महिना होता आणि शेजारच्या अक्का आमच्या सामाईक गच्चीवर, माझ्या पेटीच्या शेजारीच, जुनी पातळं अंथरून ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे जाडसर पापड, घालत होत्या. उन्हाळ्यात मधमाश्यांना पाणी लागतं, म्हणून माझ्या माश्या त्या ओल्या बिबड्यांवर जाऊन बसल्या. "भाऊ, तुन्या माश्या आवर, नहीतर पेटी खाले फेकी देसू," अक्का कडाडल्या. शेजाऱ्यांशी भांडण नको म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे, माश्या बाहेर पडायच्या आत, मी पेटीच्या दारात चिंधी कोंबली. बिबडे वाळेपर्यंतचाच तर प्रश्न होता. ऊन चढलं तशी आतली घरघर वाढत गेली, आणि मी जेवून वर आलो तेव्हा ती थांबली होती. झाकण उघडलं तर मेणाची पोळी वितळून तळाशी बसली होती आणि सगळ्या माश्या गरम मधात बुडून मेल्या होत्या. त्या बाहेरून पाणी आणतात, पंखांनी वारा घालतात आणि घर थंड ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. फटीतून मध गळत होता. अक्कांनी वाकून पाहिलं आणि धारेखाली स्टीलची वाटी धरली. "वाया कसाले जाऊ देस? आन् देख, आज बिबडास्वर एक बी माशी बसनी नही." आता माझ्या पेट्या कडुनिंबाखाली असतात, वर ओलं गोणपाट असतं आणि दार मी कधीच बंद करत नाही. त्यांच्या घरात कुणाला खोकला झाला की अक्का अजून तीच वाटी पाठवतात, आणि मी ती भरून देतो.