देवीच्या हातातलं सुकाणू

इथे परदेशात, शॉमबर्गमध्ये, आमच्या शेजारी एक इथलेच गृहस्थ राहतात. सत्तरी ओलांडलेले, एकटे, आमच्या मुलीचे हक्काचे आजोबा. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी तळ्यावरची लाडकी होडी विकली आणि त्या पैशांतून एकच रोमन सोन्याचं नाणं घेतलं. एका बाजूला जाड मानेचा सम्राट, दुसऱ्या बाजूला देवी. तिच्या एका हातात फळांनी भरलेलं शिंग, आणि दुसऱ्या हातातलं काय ते झिजून गेलेलं. आजोबा म्हणत, होडीचं सुकाणू आहे, म्हणजे ही नशिबाची देवी. त्यांचे नाणी जमवणारे मित्र म्हणत, साधी काठी आहे, ही दुसरीच कुणीतरी. आजोबांनी त्या सुकाणूसाठीच तर ते नाणं घेतलं होतं. मित्रांचं बोलणं त्यांना फार लागत असे.

लक्ष्मीपूजनाला आम्ही त्यांना बोलावलं. आज सोन्याची पूजा, असं मीच सांगितलं होतं, म्हणून ते नाणं घेऊन आले आणि मला दाखवायला पाटावर ठेवलं. पाटावर माझ्या बांगड्या, मंगळसूत्र, सगळं मांडलेलं. मी काय, हाताला सवय. बांगड्यांना कुंकू लावलं, मंगळसूत्राला लावलं, आणि त्याच बोटानं नाण्यावरच्या देवीलाही लावून मोकळी झाले.

"अगं, काय केलंस हे," नवरा म्हणाला. "अँटिक पीस आहे तो."

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईनं मी पदरानं नाणं पुसलं, तर कुंकू निघायच्या ऐवजी खाचांमध्ये जाऊन बसलं.

आजोबांनी खिशातलं भिंग काढलं. नाणं दिव्याजवळ धरून निरखलं. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. देवीच्या हाताखाली एक बारीक लाल रेघ निघाली होती. खाली गेलेला दांडा, आणि टोकाशी रुंद पातं.

"सुकाणू," ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. मलाही इतका आनंद झाला की मी त्यांना सगळ्यांच्या आधी करंजी वाढली.

मित्रांना दाखवेपर्यंत त्यांनी ते कुंकू काढू दिलं नाही. पुढच्या दिवाळीला ते न बोलावताच आले. पाटावर बांगड्यांशेजारी नाणं स्वतःच ठेवलं, सम्राटाची बाजू वर करून.

"यंदा यालाही लावा," म्हणाले. "वर्षभर रुसलाय."