‘जमलं नाही’चा रकाना

मी घर सोडलं तेव्हा बिद्रीच्या कारखान्याचा हंगाम सुरू होता. फाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, म्हणून एसटी उशिरा आली. तेवढा वेळ तू माझ्या पिशवीचे बंद हातात धरून उभी होतीस, आई. मालक वारल्यावर सासरी मला जागा उरली नव्हती, आणि दादाच्या दोन खोल्यांत मी किती दिवस काढणार? गाडीत चढताना तू म्हणालीस, “न्हाय जमलं तर सांग. लाजू नगंस.”

तुला वाचता येत नाही, म्हणूनच तुला लिहिते. इथं शहरात, कळंब्याच्या भाड्याच्या खोलीवर आल्यावर बोलायला कुणी नसतं. घरमालकीण भली आहे, पण तिच्याकडे टीव्हीच बोलतो. मग चौथीपर्यंतचं जे काही येतं त्यात दिवसभराचं वहीत लिहिते. फोनवर मात्र एवढी वर्षं तुला एकच सांगितलं, “बरं हाय.”

मी वृद्धाश्रमात काम करते. तिथं सगळे मला मावशी म्हणतात. नावानं हाक मारणारं कुणी नाही. जे अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर कमरेची कातडी सोलवटते. खाटेला एक कागद लटकवलेला असतो. वळवलं की चौकटीत खूण करायची. माझ्याबरोबरच्या शकिलाभाभीनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं, “वळवलं न्हाय तरी खूण कर गं. रिकामी चौकट दिसली की वरडत्यात. भरलेलीला कोण इचारत न्हाय.”

मीही करत गेले. हे तुला लिहितानाही लाज वाटते.

अप्पा म्हणून एक म्हातारे आहेत. गुऱ्हाळावर जन्म गेलेला, अंगानं जड. दोघी मिळून वळवायला लागलो की म्हणायचे, “हळू गं पोरींनो, काहिलीतला गूळ न्हवं मी!” एकटीला ते हलत नाहीत. आणि दुपारी बहुतेक वेळा आमच्यातली एकटीच असायची, कारण दुसरीला ऑफिसात कपाटं पुसायला न्यायचे.

अप्पांच्या कमरेला जखम झाली. त्या आठवड्यात दुपारी भाभी होती. आश्रमाचे साहेब म्हणाले, “कागद भरलेला आणि माणसाला जखम. म्हणजे ही बाई खोटारडी. हिला कामावरून बंद करा.” भाभीच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही.

तेव्हा नुकत्याच आलेल्या मोठ्या सिस्टरांनी दोन दिवस मागून घेतले. आम्हा सगळ्यांना बसवून म्हणाल्या, “दुपारी काय होतं ते सांगा.” सगळ्या फरशीकडे बघत बसल्या. चारचौघांत माझा आवाज निघत नाही, तुला ठाऊक आहे. पण वहीत होतं. “आज भाभी एकटी. मला कपाटं पुसायला नेलं. अप्पांना वळवलं नाही. खूण केली.” त्याच पानावर खाली हेही होतं, “आज जेवताना माझ्याशी कुणी बोललं नाही.” तेही त्या वाचणार होत्या. रात्रभर विचार केला. सकाळी वही त्यांच्या टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

त्यांनी कागद आणि वही शेजारी ठेवून तारीखवार लावून बघितलं. ज्या दिवशी एकटी, त्या दिवशी अप्पा तसेच पडून, आणि कागद मात्र भरलेला. भाभीचाच नव्हे, माझाही. सिस्टर साहेबांना म्हणाल्या, “रिकामी चौकट आपल्याला बघवत नाही, म्हणून या भरतात.”

भाभी राहिली. दुपारी ऑफिसात नेणं बंद झालं. कागदावर नवा रकाना आला, ‘जमलं नाही. का?’ बरेच दिवस त्यात कुणी काही लिहीना. पहिल्यांदा मी लिहिलं, “एकटी होते.” दिवसभर ओरड्याची वाट बघितली. सिस्टर आल्या आणि अप्पांच्या अंगाखालच्या चादरीचं दुसरं टोक धरून म्हणाल्या, “चला, वळवू.”

पण आता मी डबा घेऊन बसले की बायका गप्प होतात. “वहीवाली आली,” म्हणतात. भाभी पाण्याचा तांब्या पुढं सरकवते, पण पूर्वीसारखं बोलत नाही. तिचं खोटंही माझ्या वहीत होतं ना.

गेल्या महिन्यात तू अंथरूण धरलंस. मी गावी आले, तुझी कंबर बघितली, लाल झाली होती. पूर्वीची मी असते तर वैनीवर तोंड सोडलं असतं. मी विचारलं, “वैनी, दुपारी तुमच्याबरोबर कोण असतंय?”

ती घाबरून म्हणाली, “कोण न्हाय की वन्सं. ह्यास्नी शेत, पोरास्नी शाळा.”

चादरीनं कसं वळवायचं ते दाखवलं, शेजारच्या काकूंना दुपारी हात लावायला सांगितलं, आणि चौथ्या दिवशी कामावर परतले. तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन करते. आठ दिवस वैनी म्हणत होती, “सगळं केलंया.” तो आवाज मी ओळखला. भरलेली चौकट. मग तिला माझ्या खोट्या खुणांचं सांगितलं.

काल ती म्हणाली, “आज दुपारचं न्हाय जमलं, वन्सं. काकू आल्या न्हाईत.”

“बरं झालं सांगितलं,” मी म्हणाले.

“आन तुमचं कसं हाय?”

‘बरं हाय’ ओठांवर आलं होतं. फोन तुझ्या कानाजवळ होता की नाही कोण जाणे. मी म्हणाले, “हितं करमत न्हाय वैनी मला.” एसटीच्या दारात तू जे सांगितलंस, ते करायला मला एवढी वर्षं लागली. घर मागंच फाट्यावर राहिलं असं मी धरून चालले होते. त्या एका वाक्यापुरतं ते माझ्या खोलीत आलं.

वैनी म्हणाली, “मग रविवारी या की. चादरीचं एक टोक तुम्ही धरा, एक मी.”