मुंबई–औरंगाबाद, सव्वा तास

सन १९६२, वैशाख शुद्ध षष्ठी, सकाळचे आठ. रक्कम ऐंशी रुपये. हजर: आईच्या खाटेशी काका, शेजारच्या मावशी, माझी बायको आणि मी. डॉक्टर दोन दिवसांची मुदत सांगून नुकतेच गेले होते. आईचा जीव मुंबईला गिरणीत कारकून असलेल्या माझ्या धाकट्या भावात अडकला होता. शिवाय आमच्याकडं बापाला थोरल्यानं आणि आईला धाकट्यानं अग्नी द्यायची रीत.

ऐंशी रुपये काकांनी काढले. निजामाच्या अमदानीत ते कचेरीत पेशकार होते.
"तारेनं पैसे धाड. म्हणावं, इमानानं ये. मुंबई ते औरंगाबाद सव्वा तास."

सरळ रेषेत ते अंतर पावणेदोनशे मैल भरतं. पण औरंगाबादहून आमचं धाराशिव दीडशे मैल, एसटीनं नऊ तास. मी म्हणालो, "काका, आज रात्रीची मेल धरली तर तो सकाळी सोलापुरात उतरेल. तिथून बसनं दोन-अडीच तास. विमान उद्या सकाळचं आहे."

"औरंगाबाद काय परमुलुख हाय का? आपला समदा कारभार तिथनंच चालतो. तू आकडेच मांडत बस."

त्यांचंही खरं होतं. आमचे कागद, बदल्या, अपिलं, सगळं औरंगाबादेलाच जायचं. त्यामुळं तो गाव आम्हाला शेजारचा वाटायचा. सोलापूर दोन तासांवर असून परकं, जुन्या मुंबई इलाख्यातलं.

आईनं डोळे उघडले. "इमानात जेवाय देतात का रं?"

"देतात की," मावशी म्हणाल्या. "तुमचं पोरगं तिथंबी दुसऱ्यांदा वाढा म्हणंल."

आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "मग इमानानंच येऊ द्या त्येला," म्हणाली. मी तार केली, पैसे पाठवले.

दुसऱ्या दिवशी विमान वेळेवर उतरलं, हे नंतर कळलं. तिथून आमच्याकडं येणारी बस त्याआधीच सुटून गेली होती. नऊला आईनं विचारलं, "उतरला का?" काका म्हणाले, "उतरला, वैनी. आता आलाच." अकराला तिनं पुन्हा विचारलं. मग विचारणं थांबलं. एकच्या सुमारास ती गेली. तोवर सोलापूरची सकाळची बस येऊन उभी राहिली होती. मी उगाच स्टँडवर जाऊन उतारू पाहून आलो.

उन्हाळ्याचे दिवस. तरी दिवस कलेपर्यंत थांबलो. काका अंगणातून सारखे औरंगाबादकडून येणाऱ्या येडशीच्या रस्त्याकडं बघत होते. शेवटी भटजी म्हणाले, "सूर्यास्ताच्या आत उरकावं लागंल." धाकट्यानं द्यायचा अग्नी मी दिला.

अंधार पडल्यावर आम्ही घरी परतलो तर दारात कडब्याचा ट्रक उभा होता. बीडपर्यंत बसनं आणि पुढं तेरखेड्यावरून या ट्रकनं भाऊ आला होता. मावशींनी दारातच त्याला सांगितलं, तसा तो पिशवी टाकून मागच्या पायवाटेनं स्मशानाकडं पळाला. आमची चुकामूक झाली.

काका ओट्यावर बसून राहिले, आत आले नाहीत.

ड्रायव्हर बिचारा घुटमळत होता. "साहेब, भाडं राहिलंय. बीडला पंधरा ठरलं होतं."

मी त्याला पंधरा रुपये दिले.