एकेचाळीस चुका

आमच्या ताईंनी एका माणसावर नऊ वर्षं डूख धरला, आणि त्या नऊ वर्षांत मी त्यांना एकाही गिऱ्हाइकाशी खोटं बोलताना पाहिलं नाही. दोन्ही कामं त्या एकाच दुकानात, एकाच काउंटरमागे उभं राहून करायच्या.

ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. पहिली दोन वर्षं आमचं अजिबात पटलं नाही. मी टॉवेल वाळत घालते कसा, इथपासून त्यांना अडचण होती. मग आम्हाला एक सामायिक शत्रू मिळाला आणि घरात शांतता आली.

शत्रू त्यांचाच, पण मी तो मनापासून वाटून घेतला. मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं आणि तोंड गोड ठेवायचं हे माझं काम, त्यामुळे संध्याकाळी राग काढायला मला कुणीतरी लागतंच.

बिझनेस स्कूलच्या प्रवेश परीक्षेचे क्लास घेणाऱ्या या माणसाला मुलं पर्सेंटाईल सर म्हणतात. कुणी पत्ता विचारला तरी तो आधी पर्सेंटाईल विचारतो. सगळे सर म्हणतात म्हणून मीही म्हणते, पण त्याला अहो-जाहो करायला मला सांगू नका.

ताई त्याच्या क्लासमध्ये गणित शिकवायच्या. एका वर्षी त्याच्या डोक्यात आलं, की आपलं स्वतःचं गाईड हवं. सकाळी क्लास, दुपारी लिखाण असं करत ताईंनी अकरा आठवड्यांत आठशे प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहून दिली. आमच्या जेवणाच्या टेबलावर तेव्हा कागदच कागद असायचे, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. पुस्तक आलं. मुखपृष्ठावर टाय लावलेल्या सरांचा हाताची घडी घातलेला फोटो, खाली त्याचं नाव. ताईंचं नाव आतही नाही, मागेही नाही, आभारातही नाही. आभार त्यानं बायकोचे आणि प्रेसवाल्याचे मानले होते.

ताई तेव्हा गप्प बसल्या. पण घाईत लिहिलेलं आपलं काम त्यांना स्वस्थ बसू देईना. महिनाभरात त्यांनी आठशेच्या आठशे प्रश्न पुन्हा सोडवले. एकेचाळीस उत्तरं चुकलेली निघाली. त्यांनी पान क्रमांकासकट यादी केली, क्लासच्या ऑफिसात दिली, आपल्या प्रतीवर तारखेचा आवक शिक्का मारून घेतला आणि मग सरांच्या केबिनमध्ये जाऊन दोन गोष्टी मागितल्या. पुढच्या छपाईत या चुका दुरुस्त करा, आणि माझं नाव घाला.

"चुका कोण बघतंय?" तो म्हणाला. "आणि नावाचं काय घेऊन बसलात? पुस्तक माझं आहे. तुम्ही फक्त उतरवून काढलंत."

पुढच्या आठवड्यात ताईंची बॅच काढून घेतली, त्याच्या पुढच्या आठवड्यात ताईंनाच काढलं. त्या दिवशी घरी येऊन त्या रडल्या नाहीत. टेबल पुसलं, पुन्हा पुसलं, आणि म्हणाल्या, "हे पुस्तक माझं आहे असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणेल. चार लोकांत म्हणेल."

"आणि नाही म्हणाला तर?"

"मला घाई नाही," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी क्लासच्या बरोबर समोरच्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी धरली. त्या रस्त्यावर क्लासच क्लास आहेत, आणि या एका परीक्षेच्या गाईडांनीच दुकानाची एक अख्खी भिंत भरलेली आहे. मुलं त्या भिंतीसमोर येऊन उभी राहतात आणि त्यांचा चेहरा पडतो. मग ती हमखास सगळ्यात जाड गाईडाला हात घालतात. जाडी बघून मुलांना उगाच धीर येतो.

ताई आधी ते हातातून काढून घेत. "कशात कच्चा आहेस?" हा पहिला प्रश्न. बहुतेक मुलं म्हणत, सगळ्यातच. "सगळ्यात कच्चं कुणी नसतं, तेवढी मेहनत कोण घेतो?" असं म्हणून त्या शिडीवर चढत. गाईड निवडताना मुखपृष्ठ बघायचं नाही, कारण वर्षाचा आकडा तिथे दरवर्षी बदलतो आणि आतला मजकूर तोच राहतो. सोपी प्रकरणं सगळेच नीट लिहितात, म्हणून सुरुवातही बघायची नाही. मधलंच एखादं पान उघडायचं आणि उत्तरांत काय दिलंय ते पाहायचं. नुसता पर्याय क्रमांक असेल तर गाईड परत फळीवर. बरोबर उत्तर का बरोबर हे दिलं असेल तर ठीक. आणि चुकीचं उत्तर माणसाला बरोबर का वाटतं हेही सांगितलं असेल, तर ते घ्यायचं. असं गाईड तिसांत एखादंच. ताईंना ती एकूण एक पाठ होती, आणि दोन जाड गाईडं मागणाऱ्याला त्या एक बारीक देऊन वाटेला लावत. मालक कुरकुरायचा, पण मुलं धाकट्या भावंडांनाही त्याच दुकानात पाठवत, त्यामुळे त्याचा आवाज फार चढत नसे.

आणि कुणी पर्सेंटाईल सरांचं गाईड मागितलं, की ताईंच्या अंगात यायचं. बाहेरून मात्र त्या एकदम मऊ व्हायच्या.

"देते की," म्हणत गाईड काढायचं, दोनशे बारावं पान उघडायचं, मुलाच्या हातात पेन्सिल द्यायची. "सतरावा प्रश्न एवढा सोडव." प्रश्न साधाच. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा नळ भरलेली टाकी बारा तासांत रिकामी करतो. दोन्ही उघडे ठेवले तर टाकी किती तासांत भरेल? मुलगा म्हणायचा, बारा. ताई मागचं पान दाखवायच्या. तिथे उत्तर चार.

इथे प्रत्येक मूल तेच करायचं. पुस्तकावर शंका घ्यायची सोडून स्वतःचं खोडायचं. पुन्हा सोडवायचं, पुन्हा बारा, पुन्हा खोडायचं. एक मुलगी तर आपलं बरोबर उत्तर खोडून त्याजागी चार लिहून मोकळी झाली.

"तुझंच बरोबर आहे," ताई सांगायच्या. "रिकामा करणारा नळ त्यांनी भरणारा धरलाय. अशा अजून चाळीस चुका आहेत यात. हवी तर यादी देते." आणि टाईप केलेला कागद हातात. वर नाव नाही, काही नाही. नुसते पान क्रमांक आणि बरोबर उत्तरं.

मी एकदा विचारलं, "ताई, त्या मूळ चुका तुमच्याच ना? लिहिताना तुम्हीच केलेल्या."

"माझ्याच," त्या म्हणाल्या. "घाईत केल्या. लाज वाटते मला."

"मग शिक्का मारलेली यादी दाखवून टाका ना जगाला."

"काय सिद्ध होईल त्यानं? फार तर एका बाईनं चुका काढून दिल्या होत्या एवढंच. पुस्तक त्याचं ते त्याचंच. त्याला पुस्तक नकोसं झालं पाहिजे. नकोसं झालं, की तो बरोबर सांगेल कुणाचं ते."

तेव्हा मला त्यांचा डाव कळला, आणि खरं सांगते, मला माझ्या नणंदेचा अभिमान वाटला.

यादी घेऊन मुलं क्लासात जायची. सर म्हणायचा, छपाईतली चूक. हे प्रेसवाल्याच्या कानावर गेलं आणि तो भडकला. "टाईप करून दिलं तेच छापलं, टिंबसुद्धा इकडचं तिकडे केलं नाही," असं त्यानं ताईंच्या दुकानात येऊन सुनावलं, जसं काही आम्हीच आरोप केला होता. ताईंनी त्याला पाणी दिलं. दरवर्षी मुखपृष्ठावर 'संपूर्ण सुधारित आवृत्ती' असं यायचं, आणि दरवर्षी ताई दोनशे बारावं पान उघडून बघायच्या. टाकी चार तासांतच भरत होती. ते बघून त्यांना जे समाधान वाटायचं, ते चेहऱ्यावर लपायचं नाही. त्यानं एखाद्या वर्षी चुका दुरुस्त केल्या तर आपलं काय, ही एकच धाकधूक त्यांना होती. पण आळस आणि गर्व त्यानं दोन्ही सांभाळून ठेवले होते.

नवव्या वर्षी दुकानात एक उंच, वयस्कर गृहस्थ आले. नोकरीभर पूल बांधलेले इंजिनियर. त्यांची मुलगी सरांच्या क्लासला होती. सराव परीक्षा त्याच गाईडातून निघाली, पेपर गाईडाच्या उत्तरांवरून तपासले गेले, आणि बरोबर उत्तरं लिहिणारी ही मुलगी कच्च्या तुकडीत गेली. ती आता परीक्षाच देणार नाही म्हणत होती. इंजिनियरना तिच्यासाठी दुसरं गाईड हवं होतं.

ताईंनी गाईड दिलं, आणि नळाचा प्रश्नही पुढे केला. त्यांनी उभ्याउभ्या सोडवला, मागचं उत्तर पाहिलं आणि चष्मा काढला.

"बाई, असा हिशेब मी केला असता तर माणसं बुडाली असती," ते म्हणाले. यादी खिशात घालून ते गेले, आणि दोन दिवसांनी सगळ्या पालकांची सभा बोलावल्याचा त्यांचा निरोप आला. रविवारी सकाळी, क्लासच्याच हॉलमध्ये. तुम्हीही या, असं ताईंना मुद्दाम सांगितलं होतं.

रविवारीही खिडकीवर माझी पाळी होती, मी रजा घेतली. असला प्रसंग कोण सोडेल! आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. ताईंच्या मांडीवर एक पातळ फाईल होती. सर टाय सारखा करत आला. आधी त्यानं परीक्षा किती अवघड आहे ते सांगितलं, मग आपण किती कष्ट घेतो ते. इंजिनियर उभे राहिले आणि शांतपणे एकेक पान वाचू लागले. पान बेचाळीस, पान सत्तावन्न. दहाव्या चुकीला पालक कुजबुजायला लागले. विसाव्या चुकीला एक आई ओरडली, "अहो, तुम्ही लिहिलंत ना हे? मग तुम्हाला गणित येतं की नाही?"

सरानं कपाळ पुसलं. इकडे तिकडे पाहिलं. ताईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मला दुखायला लागलं.

"हे बघा," तो म्हणाला, "आता खरं काय ते सांगतो. हे पुस्तक मी लिहिलेलं नाही. तेव्हा आमच्याकडे एक बाई होत्या शिकवायला. सगळं त्यांनी लिहिलंय, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मी विश्वास ठेवला, एवढीच माझी चूक."

ताई उभ्या राहिल्या. "पुन्हा सांगा. मागे नीट ऐकू आलं नाही."

त्यानं त्यांना पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उतरला, की तसा मी दवाखान्यातही पाहिलेला नाही. पण शब्द गेले ते गेले. शंभर माणसांनी ऐकलं होतं.

"ती बाई मी," ताई म्हणाल्या. बोलत बोलत त्या पुढे चालत गेल्या. "पुस्तक माझं आहे. या एकेचाळीस चुकाही माझ्या आहेत, आणि त्याबद्दल मी तुमची आणि तुमच्या मुलांची माफी मागते. त्या मी महिनाभरात शोधल्या आणि यांच्या ऑफिसात दिल्या. हा शिक्का, ही तारीख. एक महिना चुका माझ्या होत्या. पुढची नऊ वर्षं यांच्या."

फाईल हातोहात फिरली. इंजिनियरनी शिक्का उजेडात धरून पाहिला. मग जो गोंधळ झाला तो मी सविस्तर लिहिणार नाही, पण मी त्यातलं एक मिनिटही वाया घालवलं नाही. सराव परीक्षेचे पेपर पुन्हा तपासायचं त्याला लिहून द्यावं लागलं, आणि ती मुलगी परीक्षेला बसली.

सूड घेऊन झाला की मन रितं होतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. ताईंचं तसं काही झालं नाही. दोन आठवडे त्या भांडी घासताना गुणगुणत होत्या. "बरं वाटतंय का?" मी विचारलं. "फार," त्या म्हणाल्या. "आधीच का नाही घडलं, एवढंच वाईट वाटतं."

पुढच्या मोसमात सर नाक मुठीत धरून दुकानात आला. त्याचं गाईड रस्त्यावर कुणी घेईना, आणि मुलं ताईंनी सांगितल्याशिवाय पानही उलटत नव्हती. त्यानं काउंटरवर नवी आवृत्ती ठेवली. एकेचाळीसच्या एकेचाळीस चुका दुरुस्त केलेल्या. मुखपृष्ठावर फोटो नव्हता. मधोमध, ठळक अक्षरांत, फक्त ताईंचं नाव.

ताई कितीतरी वेळ त्या नावाकडे बघत राहिल्या. मी शेजारीच होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. सरानं ते पाहिलं. काम झालं असं त्याला वाटलं असावं, कारण तो टाय सैल करून खुर्चीवर बसला.

तेवढ्यात एक मुलगी आत आली. भिंतीकडे पाहून तिचा चेहरा पडला. मग काउंटरवरच्या कोऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "हे चांगलं आहे का?"

ताईंनी पुस्तक मधेच उघडलं. चार पानं वाचली, मागची उत्तरं पाहिली.

"नको घेऊस," त्या म्हणाल्या. "परीक्षा बदललीये. आता पर्याय न देता थेट आकडा लिहायला लावतात, तसा एकही प्रश्न यात नाही. दहा वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे हे." आणि त्या शिडीवर चढल्या.

सर ताडकन उठला. "अहो, पण आता यावर तुमचं नाव आहे!"

"म्हणून तर," ताई वरून म्हणाल्या, आणि मुलीच्या हातात दुसरंच एक बारीक गाईड दिलं.