मी वाढवलेल्या दहा दिवसांच्या गोळ्या

मंडळी, दवाखान्यातूनच लिहितेय.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आज अठरा दिवस झाले. देवगाव रंगारीत जन्मभर शेळ्यांमागं चाललेली माझी आई सध्या माझ्याकडं शहरात आहे. कालपासून तिला जुलाब होत होते. आमच्याकडं टँकरचं पाणी येतं, म्हणून मी त्यालाच दोष दिला आणि जुलाब थांबवायची गोळी दिली.

आज सकाळी ती बाथरूमच्या दारातच खाली बसली. अंगात ताप, पोट फुगलेलं. "उठवू नको गं, डोळ्यापुढं अंधारी येती," म्हणाली.

दवाखान्यात गुडघा बघून डॉक्टरांनी विचारलं, "अँटिबायोटिक किती दिवस दिली?"

चिठ्ठीत पाच दिवस होते. जखम चिघळू नये म्हणून मीच मेडिकलमधून आणून आणखी दहा दिवस दिली होती. हे आणि कालची जुलाबाची गोळी, दोन्ही मी सांगितलं.

"या वयात इतक्या गोळ्यांनी पोटातले चांगले जंतू मरतात आणि वाईट जंतू आतड्यात माजतात," डॉक्टर म्हणाले. "आणि जुलाब थांबवायची गोळी तर द्यायलाच नको होती. त्यानं जंतूंचं विष पोटातच अडकून राहतं."

मी आईच्या खाटेजवळ गेले. "आई, माझ्यामुळं झालं," मी म्हणाले. सलाइन लावलेल्या हातानं तिनं माझं मनगट धरलं. "नाय गं, तू काळजीनंच केलंस."

दुपारी तपासणीत तोच आतड्याचा संसर्ग निघाला. औषध सुरू आहे, पण डॉक्टर फक्त "दोन दिवस बघू" म्हणतात. मला लई भीती वाटतेय.

तुमच्याही घरात डॉक्टरांना न विचारता आणलेली गोळी कुणी घेतंय का? आत्ताच विचाराल?